तडतड, गुणगुण आणि नुसती शांतता

संध्याकाळी सात-साडेसातला आमच्याकडे फोन वाजला की घरचे न बघताच सांगतात, "तुझा पेशंट." मी डॉक्टर नाही. डोंबिवलीत पेटी शिकवते, साथीला बसते, आणि गेली काही वर्षं ओळखीपाळखीच्या लोकांच्या घरच्या संगणकावर आवाज का नीट येत नाही, याचा शोध घेत असते. हा दुसरा उद्योग मी मागून घेतला नाही, तो अंगावर पडला. हे पुस्तक त्याच उद्योगाच्या वह्यांमधून निघालं आहे.

फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक दृष्टिहीन मुलांसाठी धडे आणि गोष्टी वाचून ध्वनिमुद्रित करतात. त्यांचा पहिला फोन मला अजून आठवतो.

"अगं, आवाज येत नाहीये."

"येत नाही म्हणजे कसा येत नाही, काका?"

"न येण्यात कसं काय असतं? नाही येत म्हणजे नाही येत!"

मी त्यांच्याकडे गेले. माईक लागत होता, सॉफ्टवेअर चालत होतं, चाळीस मिनिटांचं वाचन व्यवस्थित साठवलेलं होतं. फक्त दर दोन-तीन वाक्यांनी कढईत मोहरी पडावी तसा 'तड्' असा आवाज येत होता. त्यामुळे सगळं मुद्रण वाया गेलं होतं, आणि म्हणून काकांच्या लेखी आवाज 'येत नव्हता'. "तडतडतोय" एवढं फोनवर म्हणाले असते, तर मी घरबसल्या एक आकडा बदलायला सांगितला असता आणि माझा रिक्षाचा खर्च वाचला असता.

त्या दिवसापासून मी लोकांना आधी मराठी विचारते, संगणक नंतर. आवाजाच्या दुखण्यांना आपल्या भाषेत शब्दांची ददात नाही. तडतड आहे, खरखर आहे, घरघर, गुणगुण, फुसफुस, किणकिण आहे. आवाज बसका असतो, चिरका असतो, फाटका असतो, विहिरीतून आल्यासारखा असतो. इतकी वर्षं ऐकून माझी खात्री झाली आहे की यातला जवळजवळ प्रत्येक शब्द बिघाडाची जागा सांगतो. तडतड म्हणजे संगणक वेळेवर पोचत नाहीये. गुणगुण म्हणजे वीज आडवाटेने आत शिरली आहे. फाटका आवाज म्हणजे माईकचा गेन जास्त झाला. टेलिफोनवरून आल्यासारखा आवाज म्हणजे बहुतेक वेळा ब्लूटूथ. सूरच उतरला किंवा चढला असेल, तर दोन ठिकाणची घड्याळं जुळत नाहीत. म्हणून या पुस्तकाची प्रकरणं सॉफ्टवेअरच्या मेनूप्रमाणे लावलेली नाहीत, तक्रारींप्रमाणे लावली आहेत. मेनू दर आवृत्तीला जागा बदलतात. तडतड मात्र पंचवीस वर्षांपूर्वी जशी होती तशीच आज आहे.

आवाज बिघडण्याच्या इतक्या तऱ्हा का, हे समजायला थोडं मागं जावं लागेल. १९८१ साली आयबीएमने आपला पहिला पीसी आणला तेव्हा त्यात आवाजासाठी एक इवलासा भोंगा होता, 'बीप' म्हणण्यापुरता. संगणक हा हिशेबाचा प्राणी, गाण्याशी त्याचा संबंध काय? सिंगापूरच्या क्रिएटिव्हने १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर हे कार्ड काढलं आणि घरच्या यंत्राला कंठ फुटला, पण तो पाहुण्यासारखा राहिला. जुन्या लोकांना आठवत असेल, त्या कार्डाला पोर्ट २२०, इंटरप्ट ५ किंवा ७ असे आकडे हाताने नेमून द्यावे लागत. ७ हा आकडा बहुधा प्रिंटरच्या पोर्टकडे आधीच दिलेला असे, त्यामुळे दोघांची भांडणं लागत. आजच्या यंत्रात हे आकडे आपोआप ठरतात, पण आवाज हा नंतर आलेला भाडेकरू आहे ही वस्तुस्थिती बदललेली नाही.

भाडेकरू म्हटलं ते उगाच नाही. विंडोजमध्ये आवाज जाण्यायेण्याच्या वाटा एकावर एक बांधत गेल्या. १९९१ ची एमएमई, १९९५ ची डायरेक्टसाउंड, व्हिस्टाबरोबर आलेली वासापी. शिवाय हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये संगीतवाल्यांसाठी काढलेली आसिओ ही वेगळीच वाट, जी विंडोजचं मधलं ऑफिस टाळून सॉफ्टवेअरला थेट यंत्रापर्यंत नेते. नवी वाट झाली म्हणून जुनी कोणी बुजवली नाही, कारण जुन्या वाटेवर कुणाचं तरी जुनं सॉफ्टवेअर राहत असतं आणि पागडीच्या भाडेकरूसारखं ते हलत नाही. परिणाम असा की ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये माईक निवडायला गेलं की एकच माईक चार वाटांनी चारदा दिसू शकतो. लोक बिचकतात, चार माईक कुठून आले म्हणतात. माईक एकच आहे, दारं चार आहेत. त्यातलं एमएमईचं दार ओळखण्याची एक गंमतशीर खूण आहे. त्या जुन्या वाटेवर उपकरणाच्या नावाला ३१ अक्षरांचीच जागा आहे, त्यामुळे यादीत नाव अर्ध्यात तुटलेलं आणि कंस उघडाच राहिलेला दिसला की समजायचं, हे १९९१ चं दार.

ऑडॅसिटीचं नाव आलंच आहे तर सांगते, या पुस्तकातली बरीचशी उदाहरणं तिच्यातली आहेत. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ मध्ये ती लिहायला घेतली, २००० मध्ये ती लोकांसाठी खुली झाली, आणि आजही ती फुकट मिळते. आपल्याकडे घरी बसून गाणी, कीर्तनं, कथाकथन मुद्रित करणारी बहुतेक मंडळी तिथूनच सुरुवात करतात. फक्त तिच्या तयार मिळणाऱ्या विंडोज आवृत्तीत परवान्याच्या अडचणीमुळे अनेक वर्षं आसिओ नव्हती. महागडा इंटरफेस (माईक संगणकाला जोडायचं बाहेरचं साउंड कार्ड) आणून "आसिओ दिसत कशी नाही" म्हणून डोकं धरून बसलेले निदान सहा जण मी पाहिले आहेत. दोष त्यांचा नव्हता आणि इंटरफेसचाही नव्हता.

आता तडतडीकडे. हा या पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग आहे.

संगणक आवाज सलग ऐकत नाही. तो ओंजळीने पाणी भरतो. सेकंदाला ४४,१०० या हिशेबाने आवाजाचे नमुने येत राहतात आणि ते २५६ किंवा ५१२ च्या ओंजळीत गोळा झाले की एकदम पुढे दिले जातात. या ओंजळीला बफर म्हणतात. २५६ ची ओंजळ ठेवली तर संगणकाला सेकंदाला सुमारे १७२ वेळा हजेरी लावावी लागते. एवढ्यात वायफायच्या ड्रायव्हरने त्याला दोन मिलिसेकंद जास्त अडवून धरलं, अँटिव्हायरसला तेव्हाच झडती घ्यावीशी वाटली, किंवा बॅटरी वाचवायला प्रोसेसरने वेग उतरवला, की एक ओंजळ रिकामी जाते. ती रिकामी ओंजळ म्हणजे 'तड्'.

उपाय उघड दिसतो, ओंजळ मोठी करा. काकांच्या यंत्रावर मी तेच केलं, १०२४ ठेवलं, आणि तडतड थांबली. वाचन करणाऱ्याला एवढं पुरतं. गाणाऱ्याला पुरत नाही, कारण ओंजळ मोठी तितका उशीर जास्त. ५१२ ची ओंजळ आत येताना साधारण ११.६ मिलिसेकंद घेते आणि बाहेर जाताना तेवढेच, म्हणजे तेवीस झाले, वर इंटरफेसचे आणि यूएसबीचे स्वतःचे एक-दोन. हा आकडा आमच्या मुलींना नुसता सांगितला तर त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. म्हणून मी अंतरात सांगते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर, हातभरापेक्षा थोडं कमीच. तेवीस मिलिसेकंद म्हणजे आठ मीटर. हेडफोन लावून गाताना तुमचा स्वतःचा आवाज तुम्हाला सव्वीस फुटांवरून ऐकू येतोय. साथीचा तबलजी सव्वीस फुटांवर बसवून कोणी गायला बसेल का?

लय जितकी चढी तितका हा उशीर टोचतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा पाव सेकंदाची. तिच्यात चार बोल बसवले तर एकेक बोल ६२ मिलिसेकंदांचा. त्यातले तेवीस मशीनने खाल्ले तर तबलजीचा हात आपोआप मागे पडतो, मग तो घाई करतो, मग दोघं एकमेकांकडे बघतात. ब्लूटूथच्या हेडफोनचा उशीर तर सहसा शंभर मिलिसेकंदांच्या वरच असतो, म्हणजे चौतीस मीटर, गणपतीच्या मांडवाचं दुसरं टोक. ब्लूटूथ लावून कुणी ट्रॅकवर गायला बसलं की मी काही तपासत नाही, आधी वायरचा हेडफोन आणायला सांगते.

यावर जो मधला मार्ग आहे, इंटरफेसवरच्या बटणाने आपला आवाज संगणकात न नेता थेट कानात घेणं, त्याचं स्वतंत्र प्रकरण केलं आहे. इथे एवढंच सांगते की ते बटण चालू असताना सॉफ्टवेअरमधलंही ऐकण्याचं बटण चालू राहिलं, तर आवाज दोनदा येतो, एकदा लगेच आणि एकदा घाटातल्या प्रतिध्वनीसारखा. "ताई, माझ्यामागे कुणीतरी गातंय," अशी तक्रार आली की तो हाच प्रकार असतो.

सूर सरकण्याचं दुखणं मला सगळ्यात आवडतं, कारण तिथे इंजिनिअर चाचपडतो आणि पेटीवाली एका मिनिटात निदान करते.

एका भजनी मंडळाने तानपुऱ्याची दहा मिनिटांची फाइल कुठूनतरी मिळवली होती. काळी एकचा तानपुरा. प्रकल्पात ओढून टाकली, वाजवली, आणि सगळ्या बायका गोंधळल्या. सूर उतरलेला होता. पेटी जुळेना. कुणी म्हणे तानपुराच बेसूर, कुणी म्हणे पेटी. मी पेटीवर हात ठेवून पाहिलं. तानपुरा पांढरी सात आणि पांढरी एक यांच्या मधल्या फटीत वाजत होता, जिथे पेटीला पट्टीच नाही. काळी एकपासून खाली जवळजवळ दीड पट्टी. कोणताही गवई तानपुरा अशा फटीत लावत नाही. हा माणसाचा सूर नव्हता, हे भागाकाराचं उत्तर होतं: ४८,००० भागिले ४४,१००. फाइल सेकंदाला ४८,००० नमुन्यांची होती, आणि कुठल्यातरी टप्प्यावर ती ४४,१०० ची समजून वाजवली जात होती. घड्याळ लावून पाहिलं तर दहा मिनिटांची फाइल दहा मिनिटं त्रेपन्न सेकंद चालली. दोन्ही पुरावे एकाच गुन्हेगाराकडे बोट दाखवत होते.

टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणं जाडं व्हायचं, ते ज्यांनी ऐकलं आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्याही आधी, चाव्या देऊन वाजवायच्या तबकड्यांच्या काळात, मुद्रणाचा वेग आणि वाजवण्याचा वेग जुळला नाही की गवयाची पट्टी बदलून जायची. जुनं दुखणं आहे, फक्त फिरत्या तबकडीच्या जागी आकडा आला आहे.

तो ४४,१०० हा विचित्र आकडा तरी कुठून आला? माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, त्याच्या दुपटीपेक्षा थोडे अधिक नमुने हवेत, हे झालं शास्त्र. पण शास्त्राला ४४,००० सुद्धा चाललं असतं. वरचे शंभर व्हिडिओ टेपमुळे आले. डिजिटल आवाज साठवायला सुरुवातीला पुरेशी मोठी साधनं नव्हती, म्हणून तो चित्राच्या टेपवर चित्र असल्याचं सोंग घेऊन साठवत. अमेरिका-जपानच्या पद्धतीत दर फील्डला २४५ ओळी, दर ओळीत ३ नमुने, सेकंदाला ६० फील्ड: गुणाकार करा, ४४,१०० येतात. युरोपच्या, म्हणजे आपल्याही दूरदर्शनच्या पद्धतीत २९४ ओळी, ३ नमुने, ५० फील्ड: पुन्हा ४४,१००. दोन्हीकडे चालणारा आकडा म्हणून तो राहिला, १९८२ मध्ये सीडीबरोबर घराघरात गेला, आणि व्हिडिओच्या जगात मात्र पुढे ४८,००० रूढ झाले. हे दोन आकडे आजही एकाच संगणकात सवतींसारखे नांदतात. विंडोजचं मधलं ऑफिस बहुतेक वेळा त्यांची समजूत काढतं. फाइलवरची चिठ्ठी चुकीची असली, किंवा इंटरफेस एका दराने आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या दराने चाललं, की समजूत काढणारं कोणी उरत नाही.

गुणगुणीचं प्रकरण लहान आहे, पण ते वाचताना मजा येईल अशी आशा आहे. आपल्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झची असते, म्हणजे अगदी खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. लहान स्पीकरवर तो खर्ज ऐकू येत नाही, त्याची वरची १०० आणि १५० ची भावंडं ऐकू येतात. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीकडे हीच गुणगुण वेगळ्या सुरात येते, कारण तिकडची वीज ६० हर्ट्झची. तो सूर काळी पाच आणि पांढरी सातच्या बरोबर मधे पडतो, म्हणजे तिची गुणगुणही फटीतलीच. ती लहानपणी आमच्याकडे शिकलेली, म्हणाली, "ताई, इथे फ्रीजसुद्धा बेसूर आहे."

निदान मात्र दोन्हीकडे एकच. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवून पाहा. गुणगुण गेली तर ती चार्जरच्या वाटेने येत होती, आणि मग इंटरफेस, स्पीकर, लॅपटॉप सगळे एकाच बोर्डावरून चालवायचे. माउस हलवला की बारीक किणकिण येत असेल तर ती विजेच्या खांबावरून आलेली नाही, यंत्राच्या पोटातली आहे. अंगच्या साउंड कार्डाला ती ऐकू येते, बाहेरच्या इंटरफेसला सहसा येत नाही. एक गोष्ट मी या पुस्तकात जाड ठशात छापून घेतली आहे, ती इथेही लिहिते. गुणगुण घालवायला प्लगची वरची जाड पिन तोडू नका. ती पिन जिवासाठी असते. एका गृहस्थांनी ती कापून टाकली आणि अभिमानाने मला दाखवली. गुणगुण खरंच गेली होती. मी तिथे माईकला हात लावला नाही.

आणि नुसती शांतता. तिला लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि ती सगळ्यात कमी घाबरण्यासारखी असते. कुठेतरी काहीतरी जोडलेलं नाही किंवा परवानगी दिलेली नाही, इतकंच. २०१८ पासून मॅक आणि विंडोज दोघांनीही माईकवर पहारा बसवला. मॅकवर तर सॉफ्टवेअरला माईक वापरू द्यायचा का, हे आधी विचारतात, आणि आपण घाईत एकदा 'नको' म्हटलं की नंतर कधी पुन्हा विचारत नाहीत. मोबाइलचा हेडफोन जुन्या डेस्कटॉपच्या गुलाबी भोकात घातला तर माईक चालत नाही, कारण त्या पिनवर चार पट्टे असतात आणि भोकाला तीनच समजतात. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, इंटरफेसवरचं ते छोटं बटण दाबल्याशिवाय तो मुका. एकाने माईकच्या टोकाकडून गायचा प्रयत्न केला, तोही आठ दिवस. मोठ्या पडद्याचे ते उभे माईक बाजूने ऐकतात, डोक्यावरून नाही. आणि मला सगळ्यात जास्त वेळ गंडवलेली गोष्ट: यूएसबीची वायर. इंटरफेसचा दिवा लागतो, वीज येते, पण संगणकाला काही दिसत नाही. अडीच तासांनी कळलं की ती वायर नुसत्या चार्जिंगची होती. तिच्यात माहिती वाहणाऱ्या तारा घातलेल्याच नव्हत्या. तेव्हापासून माझ्या पिशवीत एक खात्रीची वायर असते. वैद्याच्या बटव्यात सूतशेखराची मात्रा असावी तशी.

मी या फंदात पडले ती २०२० च्या मार्चमध्ये. २५ तारखेला देश बंद झाला, आणि आठवड्याभरात आमचा क्लास पडद्यावर आला. पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं, "ताई, तानपुरा बंद का केलात?" माझ्या शेजारी तानपुरा छान वाजत होता. तिच्याकडे मात्र दोन सेकंद वाजायचा आणि विरघळून जायचा, मी बोलले की परत थोडा यायचा. ती आधाराशिवाय गात राहिली आणि पंचमापर्यंत पोचताना घसरली. मी तिला रागावले, याचं मला अजून वाईट वाटतं. व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर ऑफिसच्या मीटिंगांसाठी बनवलेलं होतं. जो आवाज सतत, एकसारखा, न बदलता चालू आहे तो पंखा किंवा एसी असणार असं मानून ते तो पुसून टाकतं. तानपुऱ्याचा तर सगळा जन्मच सतत, एकसारखं, न बदलता वाजण्यासाठी आहे. यंत्राने आमच्या संगीताचा पाया गोंगाट म्हणून केरात काढला. पेटीवर धरलेला लांब सूरही असाच सुकत जायचा आणि डग्ग्याचा घुमारा कापला जायचा. मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची सोय बहुतेक अशा सॉफ्टवेअरमध्ये असते, ती मेनूच्या तळाशी सापडेपर्यंत आमचे तीन आठवडे गेले. त्यातच विंडोजची आणखी एक आगाऊ मदत असते. कॉल सुरू झाला असं वाटलं की ती बाकी सगळे आवाज ८० टक्क्यांनी खाली करते. तानपुऱ्याचं अ‍ॅप त्याच संगणकावर असेल तर तेही गेलं.

दोघांनी दोन गावांतून एकत्र गायचं मात्र जमत नाही, आणि त्याला कोणत्याही सेटिंगचा उपाय नाही. डोंबिवली ते न्यू जर्सी साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे अगदी सरळ तार टाकली तरी एकेरी साठ मिलिसेकंद. आधीच्या हिशेबाने तबल्याचा एक अख्खा बोल समुद्रात. आम्ही आळीपाळीने गातो.

मॅकवाल्यांसाठी या पुस्तकात पानं कमी आहेत. तिथे कोअर ऑडिओ ही एकच प्रशस्त वाट असल्यामुळे चुकायला जागाही कमी. लिनक्सवर मी थोडंच लिहिलं आहे. तिथे अल्सा, पॉल डेव्हिस यांचं जॅक, पल्सऑडिओ आणि अलीकडचं पाइपवायर असे थर आहेत, आणि लिनक्स वापरणारी मंडळी स्वतः शोधून काढण्यातच आनंद मानतात, तो मी कशाला हिरावून घेऊ? कोणता माईक घ्यावा, मिक्सिंग कसं करावं, खोलीला गाद्या लावाव्यात का, हेही इथे नाही. कुकरची शिट्टी आणि शेजारच्यांचं ड्रिल यांवरही माझ्याकडे काही नाही.

पद्धत मात्र सगळीकडे एकच सांगितली आहे, आणि ती न पाळणाऱ्यांवर मी थोडी चिडूनही लिहिलं आहे. एक वही करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, बदलण्याआधी जुना आकडा लिहून ठेवा, आणि फरक पडला नाही तर परत जुन्यावर या. घाबरून पाच गोष्टी एकदम बदलल्या तर आवाज सुधारला तरी कशाने सुधारला हे कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आपल्याकडे दुसरीच परंपरा आहे. भाच्याला बोलवायचं, आणि भाचा फॉरमॅट मारतो. किल्ली हरवली म्हणून घर पाडण्याचा हा उपाय आहे. शिवाय त्या फॉरमॅटमध्ये जुनी मुद्रणं जातात, आणि चुकीच्या वायरीमुळे आलेली शांतता नव्या विंडोजवरही तशीच शांत असते.

छापायला देण्याआधी या पुस्तकाचा खर्डा मी मुख्याध्यापक काकांना वाचायला दिला. पंधरा दिवसांनी परत आला तेव्हा ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांखाली लाल रेघा होत्या, आणि खरखरीच्या प्रकरणात, जिथे मी त्यांच्याच एका मुद्रणाचं उदाहरण दिलं होतं आणि वायरीला दोष दिला होता, तिथे समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: "येथे 'खरखर' नव्हे, 'सळसळ'. वायर ठीक आहे. धडा वाचताना मी पान उलटतो." मी ते मुद्रण पुन्हा काढून ऐकलं. दर दीड मिनिटाने येत होती. सळसळीचं प्रकरण त्यानंतर लिहिलं, म्हणून ते क्रम सोडून शेवटी आलं आहे.